चुलीवरचं सरकारी पुस्तकालय

दीनानाथराव सोहनी सरकारी नोकरीला सपशेल नालायक होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वरच्या साहेबाला नमस्कार करताना त्यांची टोपी हटकून खाली पडायची. एकच बेरीज दोनदा केली की दोन उत्तरं यायची. आणि हातात पुस्तक आलं की समोर खुद्द कलेक्टर येऊन उभा राहिला तरी त्यांना दिसायचा नाही. तरीही लोणावळ्याचं सरकारी पुस्तकालय त्यांनी पेन्शन घेईपर्यंत सांभाळलं. कसं सांभाळलं, त्याचीच ही गोष्ट.

सोहनी मूळचे तळेगावचे. वडील शाळामास्तर. मुलानं वकील व्हावं म्हणून त्यांनी देव पाण्यात घातले होते, आणि मुलगा कायद्याच्या वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहीत बसायचा. वकिलीची परीक्षा बुडाली ती बुडालीच. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं एकोणीसशे वीसच्या सुमारास ही नोकरी लागली. ग्रंथपाल, सरकारी पुस्तकालय, लोणावळे. वडील म्हणाले, "चला, निदान पुस्तकांच्या राखणीला तरी लागला." दीनानाथरावांना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. दिवसभर पुस्तकं, आणि वर पगार! असल्या नोकरीला माणूस नाही म्हणेल होय?

पण ते पुस्तकालय म्हणजे मोठं नमुनेदार प्रकरण होतं. बाजाराच्या वर टेकाडावर पत्र्याच्या छपराचा एक दगडी बंगला. उन्हाळ्यात थंड हवेला येणाऱ्या साहेबलोकांच्या करमणुकीसाठी सरकारनं तो थाटलेला. एका बाजूला काचेच्या कपाटात चामडी बांधणीची इंग्रजी पुस्तकं. दुसऱ्या भिंतीला उघड्या फळ्यांवर मराठी पुस्तकं, पुण्याच्या कुठल्याशा कचेरीत जागा उरली नाही म्हणून इकडं ढकललेली. नियम असा, की अंमलदारांखेरीज कुणीही पुस्तक इमारतीबाहेर न्यायचं नाही. आणि अंमलदार तर आभाळ भरून आलं की सामान बांधून पसार. पुढं दसऱ्यापर्यंत त्या बंगल्यात तिघंच. दीनानाथराव, शिपाई रखमाजी आणि पाऊस.

लोणावळ्याचा पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. एकदा घुसला की हलायचं नाव नाही. भिंतींना पाझर फुटायचे, धोतरं आठ-आठ दिवस वाळायची नाहीत, आणि पुस्तकांवर बुरशीची हिरवी लव उगवायची. पहिल्याच पावसाळ्यात दीनानाथरावांनी एक पोथी उघडायला घेतली, तर पानं चिकटून वडीच झालेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. कडुलिंबाचा पाला घातला, कापूर ठेवला, शेवटी कोळशाच्या शेगड्या पेटवून फळ्यांखाली लावल्या. त्यात एका पुराणाची शेपटी जळाली आणि रखमाजीची मिशी.

रखमाजी जवळच्या औंढ्याचा, घरचा शेतकरी. एकदा ओसरीवरच्या पन्हळीखाली एक पुस्तक पडून चिंब भिजलं. टाकवेना म्हणून तो ते घरी घेऊन गेला, आणि श्रावण सरता सरता परत घेऊन आला. पुस्तक पापडासारखं कडकडीत. बुरशीचा ठिपका नाही.

"कुठं वाळवलंस रे हे?" दीनानाथरावांनी विचारलं.

"चुलीवरच्या माळ्यावर," रखमाजी म्हणाला. "बियाण्याचं भात ठेवतो ना आमी, तितंच. बारा म्हयने धूर लागतोय. ना कीड, ना बुरशी. आमचा आजा बी तितंच ठेवायचा."

दीनानाथरावांनी पुस्तक नाकाशी धरलं. धुराचा खमंग वास. सरकारी पुस्तक कुणब्याच्या चुलीवर! त्यांच्या अंगावर काटा आला, आणि लगेच हसूही आलं.

पुढच्या मृगाला त्यांनी नियमाचा कागद टेबलाच्या खणात पालथा घातला आणि मराठी भिंत अख्खीच्या अख्खी रिकामी केली. पाट्यांतून, घोंगड्या पांघरून पुस्तकं निघाली. औंढ्याला गेली, आसपासच्या वाड्यांना गेली. कुणाच्या घरी दोन, कुणाच्या चार. एवढंच सांगणं, की माळ्यावर ठेवा, दसऱ्याला परत द्या. कागदावर मात्र एक अक्षर लिहिलं नाही. नियमाबाहेरचं काम लिहून करायचं नसतं, एवढी अक्कल नालायक नोकरालाही असते.

"हे नियमात बसतं का?" त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी विचारलं.

"नियमात बुरशी बसते," दीनानाथराव म्हणाले.

"बरं. मग नोकरी गेली की आपणही कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसू," असं म्हणून बाईंनी पाटीवर घोंगडी नीट केली. बोलणं तिखट, पण मदतीला पहिला हात त्यांचाच.

दसऱ्याला पुस्तकं परत आली. सगळी. कोरडी ठणठणीत. आणि एक गंमत झाली. पुस्तक घरात आलं म्हणजे ते काही बियाण्यासारखं गुपचूप पडून राहत नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, चुलीपाशी माणसं बसलीत, आणि घरात कुणीतरी चार बुकं शिकलेलं असतंच. काढलं खाली, वाचलं पान, बाकीच्यांनी कान टवकारले. दोन-तीन वर्षांत मावळातल्या बायका दीनानाथरावांना मास्तर म्हणायला लागल्या आणि मृग लागायच्या आधीच रखमाजीला वाटेत अडवायला लागल्या. "औंदा आमाला भुताचं दे बरं का! गेल्या साली नुसतं वैद्यकीचं दिलतंस. काढा पिऊन पिऊन तोंड कडू झालं."

इकडं दीनानाथरावांचं स्वतःचं लिहिणं चालूच होतं. त्यांनी एक कादंबरी लिहिली. 'नाणे मावळातली चंद्रा.' सासरचा जाच सोसून न रडता, स्वतःच्या हिमतीवर खाचरं पिकवणाऱ्या एका शेतकरणीची गोष्ट. सात वर्षं घासून घासून लिहिली, तळेगावच्या एका बारक्या छापखान्यात छापून घेतली आणि पुण्याच्या एका मासिकाकडं मोठ्या आशेनं धाडली. मासिकात अभिप्राय आला तो असा: "ही कथा चुलीपुढे बसून लिहिलेली दिसते. तिची योग्य जागाही चुलीतच आहे."

झालं! दीनानाथराव तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सरोजिनीबाईंनी ताट पुढं सरकवलं नि म्हणाल्या, "त्या मेल्याच्या घरी चूल नसेल. जेवा तुम्ही." ते जेवले, पण मनातला काटा काही निघाला नाही. उरलेल्या प्रती घरात वाळवीनं खाल्ल्या. त्यांनी त्या झटकल्यासुद्धा नाहीत. रीतीप्रमाणं सरकारकडं गेलेली एक प्रत फिरत फिरत पुस्तकालयातच येऊन पडली, ती कुणी कधी मागितली नाही. दर मृगाला ती बाकीच्यांबरोबर पाटीत जायची, एवढंच. कुणाच्या घरी जाते, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही म्हणा. पुन्हा लेखणीही धरली नाही.

अशात एकोणीसशे चौतीस साली आषाढात तपासणी आली. आता आषाढात लोणावळ्याला कुणी शहाणा तपासनीस येत नाही. पण हे चिंतामणराव राजाध्यक्ष बदलून नवेच आलेले, सोलापूरकडचे. त्यांना पावसाची कल्पना नव्हती. छत्री उलटी झालेली, बुटांत पाणी, अशा अवस्थेत ते बंगल्यात शिरले आणि भिंतीकडं पाहून जागच्या जागी थिजले. सगळ्या फळ्या मोकळ्या.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"लोकांच्या घरी," दीनानाथराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. "चुलीवरच्या माळ्यावर. धुरानं कोरडी राहतात."

"चुलीवर? सरकारी पुस्तकं?" राजाध्यक्षांचा आवाज पावसाच्या वर गेला. "अहो, एव्हाना भाकऱ्या भाजल्या असतील त्यांच्यावर! कुणाकडं किती दिली, त्याची नोंद?"

"नोंद नाही."

राजाध्यक्ष खुर्चीत बसले, खुर्चीही ओली होती म्हणून उठले. "सोहनी, परवा संध्याकाळच्या गाडीनं मी पुण्याला परत जाणार. तोवर सगळी पुस्तकं ह्या फळ्यांवर पाहिजेत. एक कमी भरलं तरी तुमची नोकरी गेली म्हणून समजा. आणि ही खिरापत आजपासून बंद!"

दीनानाथरावांना नोकरीचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे, की आता ह्या पुस्तकांनी पुन्हा इथं कुजायचं आणि त्या चुलींपाशी पुन्हा नुसता पाऊस ऐकायचा. बरं, परत मागवायची कशी? भातलावणीचे दिवस. त्या दिवसांत मावळात माणूस मेलं तरी उद्या रडू म्हणतात. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की पुस्तकं घेऊन टेकाड चढा?

"राहू दे रखमाजी," ते म्हणाले. "नोकरी जायची असेल तर जाईल. लावणी बुडवून कुणाला बोलावू नकोस."

"व्हय जी," रखमाजी म्हणाला, आणि बाहेर पडून थेट गावाकडं सुटला. इतक्या वर्षांत त्यानं साहेबाचा मोडलेला हा पहिला हुकूम.

दुसरा दिवस कोरडाच गेला. म्हणजे पाऊस धो धो, पण पुस्तक एकही नाही. राजाध्यक्ष डाकबंगल्यावरून येऊन रिकाम्या फळ्या बघून गेले. तिसऱ्या दिवशी दुपार कलायला लागली तरी टेकाडावर चिटपाखरू नव्हतं. सरोजिनीबाईंनी चहा पाठवला, तो निवून गेला. दीनानाथराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता.

तेवढ्यात धुक्यातून काहीतरी हललं. आधी वाटलं, गवताचे भारे. मग दिसलं, ती इरली होती. पळसाच्या पानांची, डोक्यावरून गुडघ्यापर्यंत येणारी इरली पांघरून बाया टेकाड चढत होत्या. एक, मागं दुसरी, मागं रांगच. थेट खाचरातून आलेल्या. पाय मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेले, हातांना रोपांचा वास. सगळ्यांच्या पुढं विठाबाई होती, औंढ्याची. ओसरीच्या पायरीशी ती थांबली, इरल्याखालून फडक्यात बांधलेली चार पुस्तकं काढली आणि हात लांब करून म्हणाली, "घ्या मास्तर. पाय भरल्यात, आत येत न्हाई. मोजून घ्या आन् मला सोडा. निम्मं खाचर ऱ्हायलंय."

"अगं, लावणी सोडून आलीस?" दीनानाथरावांनी पुस्तकं घेता घेता विचारलं.

"मग काय करू? रखमा म्हनला, मास्तरची भाकर जातीय. आमच्या चुलीचं बुक जातंय, ते वायलंच."

मग पुस्तकं येतच राहिली. बाया पायरीखाली पावसात उभ्या राहून हातोहात पुस्तकं वर देत होत्या, रखमाजी घेत होता, दीनानाथराव लावत होते आणि सरोजिनीबाई, न बोलावता, कमरेला पदर खोचून पुसत होत्या. पण पुसायला होतंच काय! राजाध्यक्षांनी एक पुस्तक उचललं, पान उलटलं. काठ पिवळसर, वास धुराचा, पण पानं कशी सुटी, खुळखुळती. त्यांनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग काहीतरी मनात येऊन ते वळले आणि साहेबांचं काचेचं कपाट उघडलं. ते कपाट नियमाप्रमाणं कधीही हललेलं नव्हतं. पहिलंच पुस्तक ओढलं तर नुसतं चामडं हातात आलं. पानं मागं फळीला चिकटलेली, हिरवीगार.

राजाध्यक्षांनी ते चामडं हळूच परत कपाटात ठेवलं. नियम पाळणारी पुस्तकं सडली होती आणि नियम मोडणारी जगली होती, हे पाहायला चष्मा लागत नव्हता. पण सरकारी माणूस पटकन हरत नाही. त्यांनी घसा खाकरला नि पुस्तकालयाच्या यादीशी पुस्तकं ताडून पाहायला बसले. शेवटी बोट एका नावावर थांबलं.

"एक कमी आहे. 'नाणे मावळातली चंद्रा.' लेखक... सोहनी? तुम्हीच की काय?"

दीनानाथरावांचा चेहरा उतरला. सगळी आली आणि तेवढंच गेलं. मासिकातलं ते वाक्य कानात वाजलं. गेलंच असणार चुलीत. ओलं सरपण पेट घेईना तेव्हा कुणीतरी सारलं असणार, आणि त्याचा राग तरी कसा धरायचा? "जाऊ द्या साहेब," ते हळूच म्हणाले. "त्या पुस्तकाला कुणी विचारत नव्हतंच."

"जाऊ द्या कसं? एकही कमी चालणार नाही म्हणालो होतो मी."

रखमाजी मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "साहेब," तो म्हणाला, "ते आमच्याच घरी हाय. पन आमची आई देत न्हाई."

"देत नाही? सरकारचं पुस्तक देत नाही?"

"तुमीच बोला तिच्याशी. माझी छाती न्हाई."

राजाध्यक्षांना वाटलं, ही दोघांची मिलीभगत. पुस्तक जळलंय आणि हे वेळ काढताहेत. "चला, मी स्वतः येतो," ते म्हणाले, आणि एक इरलं मागून घेऊन ते डोक्यावर चढवून निघाले. सोलापूरच्या माणसाला इरलं कसं दिसतं, ते न सांगितलेलंच बरं. पायरीशी उरलेल्या बायांनी तोंडात पदर कोंबले.

औंढ्याला पोचेतो दिवे लागले होते. रखमाजीच्या घरात धूर, ऊब आणि बायकांची दाटी. चुलीच्या उजेडात त्याची बायको नंदाबाई मोठ्यानं वाचत होती. तिचं माहेर उर्शाचं, तिथं ती थोडी शाळा शिकलेली. शेजारी म्हातारी बयाबाई, रखमाजीची आई, डोळे मिटून ऐकत बसलेली. दीनानाथराव उंबऱ्यात आले आणि तिथंच खिळले. ते शब्द त्यांचे होते. चंद्रा पहिल्या पिकाचं भात डोक्यावर घेऊन सासूच्या दारात उभी राहते, ते पान.

"आजी," राजाध्यक्ष शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले, "ते पुस्तक सरकारचं आहे. परत द्या."

बयाबाईनं डोळे उघडले. "कोन हाय रं? बसा. मधी बोलू नका. चंद्री आता दारात आलीय."

"आजी, पुस्तक—"

"वाचून झाल्याबगर देनार न्हाई. दसऱ्याची बोली हाय. आज काय दसरा हाय व्हय?"

नंदाबाई हसू दाबत म्हणाली, "आत्याबाई दरसाल हेच मागून घेत्यात. औंदा चौथ्यांदा वाचतोय."

"चौथ्यांदा!" राजाध्यक्ष म्हणाले. "मग शेवट तर पाठच असेल की!"

"पाठ हाय म्हनून काय झालं?" बयाबाई उसळली. "सीतेला रावनानं पळवलं, ठावं न्हाई तुमाला? मग दरसाल कशाला ऐकता?"

सोलापूरकरांनी इरलं उतरवलं आणि ते घोंगडीवर बसले.

रखमाजीला राहवेना. "आई, अगं हे बुक मास्तरांनीच लिवलंय. तुला कवाधरनं सांगायचं हुतं."

"तुमी?" बयाबाईनं दीनानाथरावांना खालीवर न्याहाळलं. म्हातारी आता पाया पडते की काय, असं त्यांना वाटलं. पण म्हातारी कसली! "बरं गावला! मग काय हो मास्तर, त्या चंद्रीच्या सासूला येवढी कजाग का दावली? सगळ्या सासवा तसल्या असत्यात व्हय? मी हिला कवा उपाशी ठिवली का इचारा!"

सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या. दीनानाथरावही हसले, आणि हसता हसता चक्क रडायला लागले. धुरामुळं म्हणावं तर धूर तेवढा नव्हता. आनंदच इतका झाला, की त्या माणसाला तो ठेवायला जागा सापडेना. चुलीत घाला म्हणाले होते ना? बघा म्हणावं, चुलीपाशीच आहे. चार पावसाळे. "चुकलं बयाबाई," ते डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या पुस्तकात चांगली सासू घालतो."

"घाला. आन् बिगीनं लिवा, माझं काय खरं न्हाई आता. वाच गं नंदे."

नंदाबाई वाचत राहिली. चंद्रा दारात उभी राहिली, सासूनं माप पुढं केलं, आणि तपासनीस चिंतामणराव राजाध्यक्षांची पुण्याची गाडी चुकली.

त्यांच्या अहवालात पुढं दोन वाक्यं आली. पहिलं, की पावसाळ्यात मराठी पुस्तकं गावकऱ्यांच्या घरी ठेवण्याची पद्धत चालू ठेवावी आणि इंग्रजी पुस्तकांनाही लावावी. आणि दुसरं, की एक पुस्तक वाचनात असल्यामुळे परत घेतलं नाही. वर कुणी हसलं, कुणी कुरकुरलं, पण मंजुरी आली. पुढच्या मृगाला पाट्या राजरोस निघाल्या, आणि रखमाजी त्यांच्यापुढं वरातीच्या घोड्यासारखा चालला.

दीनानाथरावांनी पुन्हा लेखणी धरली. चांगल्या सासूचं पुस्तक बयाबाईनं ऐकलं, आणि "आता कसं" म्हणाली. त्यानंतर आणखी दोन झाली. पुण्याच्या मासिकाकडं त्यांनी एकही धाडलं नाही. पहिलं वाचन रखमाजीच्या चुलीपाशी व्हायचं, आणि तिथं जिथं जांभई आली तो मजकूर दुसऱ्या दिवशी खोडला जायचा.

सेहेचाळीस साली ते पेन्शनीत निघाले. बयाबाई तोवर गेली होती. नंदाबाई स्वतः सासू झाली होती. नवा ग्रंथपाल मुंबईहून आलेला, चटपटीत तरुण. त्यानं सगळं नीट ताडून घेतलं आणि शेवटी भुवया उंचावल्या.

"सोहनीसाहेब, हे 'नाणे मावळातली चंद्रा' कुठं दिसत नाही."

"वाचनात आहे," दीनानाथराव म्हणाले.

"कधीपासून?"

"चौतीस सालापासून."

"बारा वर्षं? मग आता परत मागवायला हवं."

"मागवून बघा," दीनानाथराव म्हणाले, आणि दाराशी उभा असलेला म्हातारा रखमाजी तोंडावर उपरणं धरून हसत सुटला.